नावडतीचं मीठ

डॅशबोर्डवरचा तो लाल दिवा पूर्ण पेटला असता तर मी गाडी बाजूला घेतली असती, आणि पूर्ण विझला असता तर त्याच्याकडे बघितलंही नसतं. तो दोन्हींतलं काहीच करत नव्हता. नोव्हेंबरातले साडेचार, म्हणजे इथे इंग्लंडात रात्रच. ए-३४ वर पाऊस, पुढच्या ट्रकने उडवलेलं पाणी, हेडलाइट चालू, वायपर आपल्या मर्जीने फिरणारे, हीटरचा पंखा घुरघुरतोय. आणि समोर काचेआड उदबत्तीच्या टोकाएवढा लाल ठिपका, मिणमिण मिणमिण. ॲक्सिलरेटर दाबला की मावळायचा, पाय जरा हलका केला की परत हजर.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवली. स्टार्टरने एकदा कण्हून घेतलं आणि गप्प.

गाडी १९६५ ची एमजीबी. दोन सीटची, कापडी टपाची. तिचा जन्म ॲबिंग्डनचा, आणि मी राहते तिथून तो कारखाना होता ती जागा वीस मिनिटांवर. १९२९ पासून १९८० पर्यंत एमजीच्या गाड्या तिथेच जुळवल्या जायच्या. त्यांतल्या एमजीबीच पाच लाखांहून जास्त. आता तिथे तसं बघण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही. गाडी घेतली तेव्हा कोल्हापूरला बाबांना फोटो पाठवला होता. त्यांनी बाहेरून बघितला-न बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "बॉनेट उघड." बॉनेटचा फोटो गेल्यावर पाच मिनिटांत फोन आला. "अगं, ही तर आपलीच गाडी!"

त्यात काही चूक नव्हती. आमच्याकडे अॅम्बॅसिडर होती. बाबा डॉक्टर, रात्री-अपरात्री खेड्यांवर व्हिजिटला जायची ती गाडी. अॅम्बॅसिडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, इथून जवळच्याच काऊलीची. तिचं १४८९ सीसीचं इंजिन आणि माझ्या गाडीचं १७९८ सीसीचं इंजिन एकाच घराण्यातली: बी-सीरिज. उजव्या अंगाला डिस्ट्रिब्यूटर, त्याच बाजूला पुढे डायनमो, डाव्या अंगाला कार्बुरेटर. बंगालात, उत्तरपाड्याला बनलेली थोरली बहीण धोतर नेसून माणसं वाहत राहिली आणि ॲबिंग्डनची धाकटी फॅशन करून फिरली, एवढाच फरक. (बहीण धोतर कशी नेसेल, हे मला कळतं. पण ज्यांनी अॅम्बॅसिडर बघितली आहे त्यांनाही कळेल मला काय म्हणायचंय ते.)

तर दिवा.

हा दिवा चार्जिंग होतंय की नाही ते सांगतो, असं सगळे समजतात. तो तसं काहीच सांगत नाही. त्याच्या एका बाजूला इग्निशनच्या स्विचमधून आलेला बॅटरीचा दाब, म्हणजे व्होल्टेज, दुसऱ्या बाजूला इंजिनवर फिरून वीज करणाऱ्या डायनमोचा. चावी फिरवलेली पण इंजिन बंद असताना डायनमो शून्य, म्हणून दिवा लख्ख. इंजिन फिरायला लागलं, डायनमोने बॅटरीची बरोबरी केली, की दोन्ही बाजू सारख्या. मग वीज जाणार कुठून कुठे? दिवा विझतो. म्हणजे तो विझतो तो फक्त बरोबरी झाली म्हणून. मिणमिणत असेल तर कुठेतरी उन्नीस-बीस आहे. कुठे, ते त्याला विचारू नये.

माझ्या गाडीतला डायनमो लुकासचा, म्हणजे गाड्यांचं विजेचं सामान करणाऱ्या ब्रिटिश कंपनीचा, सी-४०. ब्रिटिश गाडीत बिघाड विजेचा असेल आणि तिथे लुकासचं नाव असेल, तर पुढची चौकशी कुणी करतच नाही. शेजारचे गृहस्थ अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. उभी हयात असल्या गाड्यांच्या खाली पाठीवर पडून काढलेली. कुंपणावरून त्यांनी एवढंच विचारलं, "लुकास?" मी मान हलवली. त्यांनीही हलवली, मयताला आल्यासारखी. मग ते ठरलेले विनोद. लुकासला म्हणायचं अंधाराचा राजपुत्र. लुकासच्या स्विचला तीन खाचा असतात: बंद, मंद आणि लुकलुक. इंग्रज माणूस बिअर कोमट का पितो? कारण त्याच्या घरचा फ्रीज लुकासचा असतो.

मला या विनोदांत एक गोष्ट नेहमी खटकते. ज्या जोसेफ लुकासच्या नावावर हा सगळा अंधार जमा आहे, त्याने धंदा सुरू केला तो बर्मिंगहॅमच्या हॉकली भागात हातगाडीवर रॉकेल विकून. पुढे दिवे करायला लागला, आणि १८७९ साली त्याने काढलेल्या सायकलच्या दिव्याचं नाव होतं 'किंग ऑफ द रोड'. रॉकेलवाल्याचा रस्त्याचा राजा झाला, आणि शंभर वर्षांनी लोकांनी त्याला अंधाराचा राजपुत्र करून ठेवलं. आपल्याकडे मात्र या नावाला कुणी हसल्याचं मी ऐकलेलं नाही. लुकास-टीव्हीएस मद्रासला १९६१ साली सुरू झाली, आणि बाबांच्या तोंडी 'लुकासचा माल' हा शब्द आदराने यायचा. तेच नाव इकडे चेष्टेचं, तिकडे खात्रीचं.

पण ते आता सुचतंय. त्या आठवड्यात मीही इंग्रजच झाले होते. दोषी कोण हे ठरलेलं, फक्त त्यातला कुठला भाग एवढंच बघायचं होतं.

आधी कार्बन बदलले. डायनमोच्या मागच्या झाकणात दोन कार्बन असतात, स्प्रिंगने कम्युटेटरवर दाबून धरलेले. झिजले की डायनमो मार खातो. जुने काढले तर अर्ध्याहून जास्त शिल्लक. तरी नवे घातले, काढलेच होते म्हणून. दिवा होता तसाच.

मग एका संध्याकाळी गॅरेजात गाडी चालू ठेवून, हेडलाइट लावून मी बॉनेटमध्ये डोकं घातलं. आणि ऐकू आलं. कटआऊटच्या काळ्या डबीतून बारीक आवाज येत होता, टिक-टिक-टिक-टिक, मनगटी घड्याळ कानाला लावल्यासारखा. दिव्याची मिणमिण आणि ही टिकटिक, दोन्हींचा ताल एकच.

सापडला, म्हटलं.

या डबीचं खरं नाव कंट्रोल बॉक्स. आपल्याकडे गॅरेजात सगळ्या डबीलाच कटआऊट म्हणतात. खरं तर आतल्या तीन गुंडाळ्यांपैकी एकच कटआऊट. एक गुंडाळी दाब आवरते, दुसरी प्रवाह आवरते, आणि तिसरी, म्हणजे कटआऊट, ही नुसती दारवान. डायनमोचा दाब बॅटरीपेक्षा वर गेला की दार उघडून त्याला आत घ्यायचं. खाली आला की दार लावायचं, नाहीतर बॅटरी उलटी डायनमोतच रिकामी होईल. सगळं लोखंड, तार आणि स्प्रिंगवर. ट्रान्झिस्टर औषधालाही नाही. दाब आवरणाऱ्या गुंडाळीला तर हवामानाचीही जाण असते: थंडीत जरा जास्त चढू देते, उन्हाळ्यात जरा कमी, कारण गार बॅटरी सहजासहजी चार्ज घेत नाही. साठ वर्षांपूर्वी कुणीतरी टेबलाशी बसून एवढा विचार केला, आणि मी पन्नासेक पौंड मोजून त्याच्या जागी नवी डबी मागवली.

नवी डबी आली, बसवली, गाडी चालू केली. टिक-टिक-टिक-टिक.

इथे खरं म्हणजे मी आधी करायची ती गोष्ट केली. मीटर काढला. आकडे दाखवणारा डिजिटल मीटर डायनमोसमोर गांगरतो, आकडे भिरभिरत राहतात. त्याला जुना काट्याचाच मीटर बरा. डायनमोच्या जाड आणि बारीक अशा दोन्ही वायरी काढायच्या, ती दोन टोकं आपसांत तारेने जोडायची, मीटरची एक वायर तिथे, दुसरी डायनमोच्या अंगाला. मग इंजिन हळूहळू वाढवायचं. काटा अर्ध्या-एक व्होल्टवर अडकला तर फील्ड कॉइल गेली. चार-पाचवर अडकला तर आर्मेचर. सरसर चढत गेला तर डायनमो ठणठणीत, आणि वीसच्या वर जाऊ द्यायचा नाही. माझा काटा एका दमात वीसला भिडला. मी घाईने गॅस सोडला.

डायनमो चांगला. कार्बन नवे. डबी नवी. पट्टा ऑक्टोबरात बदललेला. इंजिनची अर्थिंगची पट्टी, जी या गाड्यांत नेहमी दगा देते (ती तुटली की स्टार्टरचा सगळा प्रवाह चोकच्या केबलमधून परतीची वाट शोधतो आणि केबल धूर काढते), तीही तपासली. स्टार्टर मारताना मीटर अर्ध्या व्होल्टच्याही आत. सीटमागच्या गालिच्याखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. त्यांचीही टोकं घासूनपुसून झाली. शेजारी कुंपणावरून म्हणाले, "डायनमो काढून ऑल्टरनेटर बसवून टाक. १९६७ नंतर कारखान्यानेही तेच केलं." त्यात दम होता. पण त्याबरोबर गाडीची सगळी अर्थिंग उलटी करावी लागते, कारण माझ्या गाडीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जातं, आणि तेवढ्यावर हार मानायची माझी तयारी नव्हती.

रविवारी बाबांना व्हिडिओ कॉल केला. ते आता एक्याऐंशीचे आहेत. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. कुठली वस्तू कधी बदलली, किती पैसे गेले, सगळं. मग म्हणाले, "हे दिवसा होतं का?"

"म्हणजे?"

"दिवसा, दिवे न लावता चालवलीस तर लाल दिवा लुकलुकतो का?"

मला सांगता येईना. दिवसा मी कामावर असते.

"वा! औषधं दिलीस तीन, आणि पेशंटला कधी दुखतं ते विचारलंच नाहीस."

त्याच दुपारी तासभर ऊन पडलं. कापडी टप उघडून एक चक्कर मारली. लाल दिवा लख्ख पेटला, इंजिन मिनिटाला बाराशे फेऱ्यांवर गेलं आणि पटकन विझला, नव्या गाडीसारखा. मग भर उन्हात हेडलाइट लावले, वायपर लावले (कोरड्या काचेवर वायपर, मागचा सायकलवाला बघत राहिला), हीटरचा पंखा लावला. दिवा परत मिणमिणायला लागला.

ढोबळ हिशेब मांडला. हेडलाइट आठ-नऊ ॲम्पिअर, बारीक दिवे दोनेक, इग्निशन तीन-चार, वायपर दोन-तीन, पंखा तीन. बेरीज वीसच्या आसपास, आणि हा डायनमो जास्तीत जास्त देतो २२. म्हणजे पावसाळी रात्री तो पगाराच्या शेवटच्या रुपयापर्यंत खर्च करत असतो. वाटेत कुणी थोडं जरी खाल्लं तरी तोंडमिळवणी होत नाही. दिवसा मात्र खर्चच एवढा कमी की खाणाराही खपून जातो. मी मीटर लावून बघितलं ते सगळं डायनमोवर ओझं नसताना. बसलेल्या माणसाचा गुडघा तपासल्यासारखं.

संध्याकाळी परत फोन. बाबा म्हणाले, "उद्यमनगरातले मिस्त्री आठवतात?"

मिस्त्री आठवत होते. माझं वय आठ-नऊ. रात्री गाडी नडली की बाबा मला बरोबर न्यायचे, बॅटरी धरायला. 'बॅटरी बघायला बॅटरी धर' या वाक्याची मला तेव्हा फार गंमत वाटायची. मिस्त्रींकडे मीटर नव्हता. टेललाइटचा एक बल्ब, त्याला डाग देऊन लावलेल्या दोन वायरी, एकीच्या टोकाला गोधडी शिवायचा दाभण. तो दाभण ते वायरीच्या कातड्यातून अलगद आत टोचायचे, बल्ब कसा पेटतो ते बघायचे, आणि बल्बच्या पिवळेपणावरून निदान सांगायचे. बाबांना त्यांच्याबद्दल जो आदर होता तो मी त्यांच्या कुठल्या एमडी मित्राबद्दल बघितलेला नाही.

"ते काय करायचे माहितेय? काही कळेनासं झालं की जम्परची वायर घ्यायचे. एक टोक बॅटरीच्या अर्थला. दुसरं टोक हातात धरून इंजिनवर, डायनमोवर, स्टार्टरवर, एकेकाच्या अंगाला लावत जायचे. 'डॉक्टरसाब, जानेवाली सब देखते हैं. लौटनेवाली कोई नहीं देखता.'"

डायनमोला परतीची वायर नसते. तो बोल्टने कंसात, म्हणजे ब्रॅकेटमध्ये, बसतो, कंस इंजिनला, आणि जेवढी वीज वायरीतून बाहेर जाते तेवढीच सगळी या लोखंडातून परत येते. बोल्ट, कंस, वरची ताणपट्टी. याला वायर म्हणून कुणी मोजत नाही.

गॅरेजात गेले. बाबा फोनमध्ये, फोन एअर फिल्टरच्या डब्याला टेकवलेला. गाडी चालू, सगळे दिवे चालू, टिक-टिक-टिक. जम्परचं एक टोक इंजिनच्या एका उघड्या बोल्टला, दुसरं डायनमोच्या अंगाला. लागेना. क्लिप घसरत होती. डायनमो गुळगुळीत, काळाभोर, चकचकीत. मग मागच्या झाकणाच्या लांब स्क्रूच्या डोक्यावर टेकवली.

टिकटिक थांबली. इंजिनचा आवाज किंचित जड झाला, कुणीतरी पाठीवर पोतं ठेवल्यासारखा. डॅशकडे वाकून बघितलं, लाल दिवा नाही. क्लिप काढली, आला. लावली, गेला. असं मी किती वेळा केलं ते सांगत नाही. मग जम्परच्या जागी मीटर लावला: डायनमोच्या अंगापासून इंजिनपर्यंत, लोखंडाला लोखंड लागलेलं असताना, जिथे काटा हलायलाही नको तिथे दीड व्होल्ट.

"रंग कुणी दिलाय गं त्याला?" फोनमधून आवाज आला.

रंग मी दिला होता. एप्रिलात. डायनमो उतरवून, गंज घासून, प्रायमर, वर काळ्या चकचकीत रंगाचे दोन हात. बरोबर कंसही रंगवला, ताणपट्टीही. बोल्टांच्या भोकांच्या कडासुद्धा बारीक ब्रशने, कारण तिथे गंज आधी धरतो. जूनमध्ये गाड्यांच्या एका मेळाव्यात दोन अनोळखी माणसांनी बॉनेटमध्ये वाकून खास त्याचं कौतुक केलं होतं. आणि सबंध उन्हाळा काही झालं नाही, कारण इथे जूनमध्ये सूर्य साडेनऊला मावळतो. हेडलाइट लावायची वेळच आली नाही. ऑक्टोबरात पट्टा बदलताना डायनमो हलवला, बोल्ट पुन्हा आवळले, जो काही थोडा लोखंडाला लोखंडाचा चावा होता तोही सुटला असणार.

आणि ती टिकटिक! कटआऊट बिचारा दार उघडत होता, डायनमो आत येत होता, वीस ॲम्पिअरचं ओझं अंगावर पडताच रंगाच्या थरावर दीड व्होल्ट सांडत होते, दाब खाली यायचा, कटआऊट नियमाप्रमाणे दार लावायचा. ओझं उतरताच दाब परत वर. परत दार. सेकंदाला कितीतरी वेळा, न कंटाळता. अख्ख्या गाडीत त्या घटकेला तोच एक जण आपलं काम चोख करत होता, आणि मी त्यालाच काढून फळीवर ठेवला होता. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात. इथे मिठात रंग मीच कालवला होता.

डायनमो परत उतरवला. त्याचे कान, म्हणजे ज्यांतून बोल्ट जातात ते दोन्ही बाजूंचे उंचवटे, पॉलिश पेपरने घासायला घेतले. रंग सहज निघेना. चांगला बसला होता, कामात खोट नव्हती. आधी काळी पूड, मग करडा प्रायमर, मग एकाएकी खालचा पांढरा चकचकीत धातू. कंसाच्या आतल्या बाजू घासल्या, ताणपट्टीची खाच घासली. बोल्टांखाली दातेरी वॉशर घातले, ते आवळताना कुरकुरत आत रुततात. घासलेल्या जागांवर बाहेरून व्हॅसलीनचं बोट फिरवलं. जुनी डबी फळीवरून उतरवून परत जागेवर बसवली. नवी आता फळीवर आहे. सगळं जोडून झाल्यावर बॅटरीच्या जिवंत टोकाकडून एक वायर डायनमोच्या बारीक टोकाला क्षणभर टेकवली, चुटुक अशी ठिणगी उडाली. हा डायनमोला त्याचं उत्तर-दक्षिण आठवून द्यायचा विधी. या वेळी त्याची गरज नव्हती, पण उतरवला होता म्हणून केला.

सगळे दिवे, वायपर, पंखा. इंजिन बाराशेवर आलं आणि लाल दिवा गेला. मीटर: दोन शतांश व्होल्ट, फार तर तीन.

शेजारी बघायला आले. बॉनेटमध्ये वाकले. डायनमोच्या काळ्या अंगावर चार ठिकाणी उघडे पांढरे चट्टे पडले आहेत, नेमके दिसतील अशा जागी. "अरेरे," ते म्हणाले, "किती छान रंग होता."

बाबांना दाखवायला फोन डायनमोवर धरला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं चित्र अडकलं.

"आपल्या गाडीचा असाच होता," मग म्हणाले. "पण आपल्याला रंग द्यायला सवड कुठे होती."